मोगऱ्याचा वास तिळात कसा उतरला?

उन्हाळ्यात मोगरा बहरला की विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारून पाहावा. ताज्या फुलांपासून घरच्या घरी अत्तर करायचे झाले, तर काय कराल? बहुतेकांचे उत्तर एकच येईल. फुले पातेल्यात घालायची, पाणी ओतायचे, उकळायचे, गाळायचे आणि बाटलीत भरायचे.

रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात, खालापूर तालुक्यातील कुंभिवलीसारख्या गावात हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही. दारचा मोगरा, देवळाजवळचा चाफा, वाटेवरची बकुळ ही तिथल्या मुलांच्या रोजच्या ओळखीची झाडे. मुले उत्तर देऊन थांबणार नाहीत, करूनही पाहतील. आणि मग निराश होतील. उकळताना स्वयंपाकघरात क्षणभर छान वास दरवळतो, पण बाटलीत उतरते ते पिवळट पाणी. त्याला मोगऱ्याचा नव्हे, उकडलेल्या भाजीचा वास येतो.

चूक कुठे झाली? तिचे उत्तर शोधताना रसायनशास्त्र तर हाताशी येतेच, पण आपल्याकडच्या एका जुन्या आणि पुष्कळशा विस्मरणात गेलेल्या विद्येचा इतिहासही उलगडतो. या विद्येचे नाव गंधयुक्ती. तिच्यावरील एका ग्रंथाची टीका चक्क मराठीत लिहिलेली आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

गुलाबाला चालते ते मोगऱ्याला का चालत नाही?

प्रथम उकळण्याच्या बाजूने बोलू. फुलांचा वास हा बाष्पनशील द्रव्यांचा असतो. गुलाबातील जिरॅनिऑल किंवा मोगऱ्यातील बेंझिल अॅसिटेट यांचे उत्कलनबिंदू २०० अंश सेल्सिअसच्या वर आहेत. तरीही १०० अंशांच्या आसपास उकळणाऱ्या पाण्याच्या वाफेबरोबर ती वर येतात. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले की दोघांच्या बाष्पदाबांची बेरीज होते. ही बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते, म्हणजेच पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही थोडे खाली. वाफेच्या साह्याने होणारे ऊर्ध्वपातन ते हेच.

तेव्हा उघड्या पातेल्यात उकळणाऱ्याची पहिली चूक स्पष्ट आहे. वास वाफेबरोबर उडून गेला आणि आपण मागे राहिलेला चोथा व पाणी जपून ठेवले! वाफ थंड करून गोळा केली असती, तर निदान गुलाबाच्या बाबतीत काही हाती लागले असते. गुलाबातील फेनिलएथिल अल्कोहोल हे द्रव्य पाण्यात बऱ्यापैकी विरघळते. म्हणूनच गुलाबपाण्याला चांगला वास असतो. जी द्रव्ये विरघळत नाहीत, ती तेलाच्या रूपाने वर तरंगतात.

या तरंगणाऱ्या तेलाची एक प्रसिद्ध नोंद जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात आहे. ती साधारण १६१४ सालची. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करवून घेत असताना, गरम गुलाबपाणी ज्या भांड्यांत ओतले जाई त्यांच्या पृष्ठभागावर तवंग धरतो, हे तिच्या ध्यानात आले. तिने तो थोडा थोडा करून गोळा केला. त्याचा वास इतका तीव्र होता की एक थेंब हाताला चोळला तर सारी बैठक दरवळून जावी, असे बादशहाने लिहिले आहे. सलीमा सुलतान बेगमने त्याला ‘इत्र-इ-जहांगिरी’ हे नाव दिले. गुलाबपाणी त्यापूर्वीही माहीत होतेच. इथे महत्त्वाचे आहे ते निरीक्षण. नेहमीच्या कामात दिसलेला तवंग पुसून न टाकता कोणीतरी त्याचा वास घेऊन पाहिला.

परंतु तवंग धरायला फुले किती लागतात? एक किलो गुलाबतेलासाठी साडेतीन ते चार टन फुले खर्ची पडतात. घरच्या टोपलीभर फुलांतून निघणारा तवंग डोळ्यांना दिसणारही नाही.

मोगऱ्याची अडचण याहून वेगळी आहे. त्याच्या वासातील बेंझिल अॅसिटेट हे एस्टर आहे. उकळत्या पाण्यात त्याचे काही प्रमाणात विघटन होऊन बेंझिल अल्कोहोल आणि अॅसिटिक आम्ल तयार होते. वासाची घडी इथेच विसकटते. पण खरी अडचण त्याच्याही पुढची आहे, आणि ती समजायला मोगऱ्याची कळी हातात घेऊन बसावे लागते.

वास साठवलेला नसतो, घडत असतो

दुपारी मोगऱ्याची टपोरी, मिटलेली कळी खुडून हुंगावी. वास जवळजवळ नसतो. तीच कळी ओल्या फडक्यात ठेवावी. तिन्हीसांजेनंतर ती उमलू लागते आणि रात्री खोली भरून टाकते. कळी झाडावर नव्हती, तरीही वास आला. म्हणजे खुडताना तो तिच्यात तयार भरलेला नव्हता. खुडल्यानंतर फुलाने तो घडवला.

वासाची काही द्रव्ये कळीमध्ये साखरेच्या रेणूंशी बांधलेल्या अवस्थेत असतात. अशा बांधलेल्या रूपात ती उडून जाऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना वासही नसतो. फूल उमलताना विकरे ही गाठ सोडवतात. काही द्रव्ये त्याच वेळी नव्याने तयार होतात. हे काम जिवंत पेशींचे आहे. फूल उकळत्या पाण्यात टाकले की विकरे निकामी होतात आणि कारखानाच बंद पडतो. त्या क्षणी जेवढा वास तयार असेल तेवढाच काय तो मिळायचा.

युरोपातील सुगंध व्यवसायाचे केंद्र असलेल्या फ्रान्समधील ग्रास या गावी कारागिरांना हे अनुभवाने ठाऊक होते. तिथे गुलाबाचे ऊर्ध्वपातन करीत, पण चमेली आणि निशिगंध यांना आच लावत नसत. लाकडी चौकटीत बसवलेल्या काचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर द्यायचा, त्यावर ताजी फुले पसरायची, दुसऱ्या दिवशी ती काढून नवी पसरायची. असे अनेक दिवस चाले. चरबीने वास शोषून घेतला की तो अल्कोहोलने धुऊन काढीत. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्बर्ट हेस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मोजून दाखवले, की चमेलीची फुले एकदम द्रावकात बुडवून जेवढे सुगंधी तेल मिळते, त्याच्या कितीतरी पट अधिक या पद्धतीने मिळते. कारण चरबीवर पडलेले फूल कित्येक तास जिवंत असते आणि वास घडवीत राहते.

चीनमध्ये मोगऱ्याचा चहा होतो तोही याच तत्त्वावर. चहाची वाळलेली पाने आणि संध्याकाळच्या कळ्या रात्रभर एकत्र ठेवायच्या, सकाळी फुले काढून टाकायची, पुन्हा नवी घालायची. तिथे चरबीचे काम चहाची पाने करतात. आपल्याकडे ते काम तिळाने केले.

तीळ, फूल आणि एक उपमा

तिळात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असते. वासाची बहुतेक द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. शिवाय तिळाचे तेल इतर अनेक तेलांच्या मानाने लवकर खवट होत नाही, कारण त्यातील काही घटक ऑक्सिडीकरणाला अटकाव करतात. तेव्हा स्वच्छ तिळाचा पातळ थर, त्यावर ताज्या फुलांचा थर, त्यावर पुन्हा तीळ अशी रचना करून रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी कोमेजलेली फुले वेचून काढायची आणि पुन्हा ताजी घालायची. असे काही दिवस केल्यावर ते तीळ घाण्यात घालायचे. जे तेल निघते त्याला फुलेल म्हणत. अत्तर ते नव्हे. कनौजसारख्या ठिकाणी तांब्याच्या डेगेत फुले व पाणी तापवून, वाफ चंदनतेल असलेल्या भांड्यात उतरवतात, ते अत्तर. तिथे मोगऱ्याचेही अत्तर काढतात, पण त्यासाठी मंद आचेची नजर आणि चंदनतेल दोन्ही लागते. घरच्या माणसाला जमण्याजोगे आहे ते फुलेल.

ही पद्धत किती जुनी? इथे इतिहासाचा एक गमतीदार पुरावा मिळतो. असंग या बौद्ध आचार्याचा ‘महायानसंग्रह’ हा ग्रंथ सुमारे चौथ्या-पाचव्या शतकातला. मनावर कर्मांचे संस्कार कसे राहतात हे सांगताना तो फुलांनी वासवलेल्या तिळाची उपमा देतो. फुले नाहीशी होतात, पण तिळात वास राहतो. संस्कार या अर्थाचा ‘वासना’ हा शब्द तिथे गंध देण्याच्या क्रियेशी जोडलेला आहे. तत्त्वज्ञ उपमा देतो ती ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या गोष्टीची. तेव्हा तीळ वासवण्याची क्रिया त्या काळी सर्वांच्या परिचयाची होती, असे म्हणायला हरकत नाही. उपमासुद्धा इतिहासाचे साधन ठरू शकते, हे विद्यार्थ्यांना दाखवून देण्यासारखे आहे.

सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर एक स्वतंत्र अध्यायच लिहिला. त्यात गणिताच्या शिक्षकांना आवडेल असा भाग आहे. सोळा सुगंधी द्रव्यांतून कोणतीही चार निवडायची तर किती प्रकारे निवडता येतील? त्याने उत्तर दिले आहे १८२०. आपल्या वर्गातील सूत्राने ताळा करून पाहावा, ते अचूक आहे.

याच अध्यायातील दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावते. चाफ्याच्या वासाचे तेल करण्याची कृती तिथे आहे. मंजिष्ठ, कोष्ठ, दालचिनीसारखी साल वगैरेंचे चूर्ण तेलात घालून ते उन्हात तापवायचे. या कृतीत चाफ्याचे एकही फूल नाही! फुलाविना फुलाचा वास निर्माण करण्याची खटपट रसायनांच्या कारखान्यांबरोबर सुरू झाली, असे आपण समजतो. ती चौदाशे वर्षांपूर्वीही चालू होती.

आपल्या भागाच्या अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे ‘मानसोल्लास’. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला हा ग्रंथ ११३० च्या सुमाराचा. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा या घराण्याच्या सत्तेखाली होता. राजाच्या स्नानाच्या वर्णनात केतकी, पुन्नाग, चाफा अशा फुलांनी वासवलेल्या तिळाच्या तेलाचा उल्लेख येतो. तत्त्वज्ञाच्या उपमेतले तीळ इथे राजाच्या न्हाणीघरात पोहोचलेले दिसतात.

मराठीतली टीका

आता पुण्याकडे वळू. देवरुखला १८९१ साली जन्मलेले परशुराम कृष्ण गोडे १९१९ पासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक होते. हस्तलिखितांची राखण हे त्यांचे काम, पण त्यांनी ती वाचलीही. शेकडो लेखांतून त्यांनी राजांपेक्षा वस्तूंचा इतिहास लिहिला. खाण्याचे पदार्थ, वनस्पती, कापड, तपकीर, आतषबाजी, आणि सुगंधी द्रव्येसुद्धा. एखादा पदार्थ कोणत्या पोथीत प्रथम सापडतो आणि त्या पोथीचा काळ कोणता, असा त्यांचा साधा, चिकाटीचा मार्ग होता.

गंधशास्त्रावरील दोन दुर्मिळ ग्रंथ त्यांनी १९४५ च्या सुमारास लेखांतून अभ्यासकांपुढे ठेवले. एक गंगाधराचा ‘गंधसार’ आणि दुसरा अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’. या ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. तिचा काळ गोडे यांनी १३५० ते १५५० या दोनशे वर्षांतला ठरवला. पुढे १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने रामकृष्ण तुलजाराम व्यास यांनी संपादित केलेले हे दोन्ही ग्रंथ, मराठी टीकेसह, छापून प्रसिद्ध केले.

‘गंधसारा’त सुगंधी पदार्थ तयार करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत. भावन म्हणजे चूर्णाला द्रवाची भावना देणे. पाचन म्हणजे आचेवर शिजवणे. बोध आणि वेध म्हणजे दुसऱ्या द्रव्याच्या जोडीने वास जागा करणे व भेदक करणे. धूपन म्हणजे धुरी देणे. आणि सहावी क्रिया वासन, फुलांच्या सहवासाने गंध देणे. आच लागते ते पाचन वेगळे आणि फुलाने होते ते वासन वेगळे, अशी स्वच्छ वाटणी इथे आहे. आपल्या पातेल्यातली चूक जुन्या परिभाषेत सांगायची तर, जिथे वासन हवे होते तिथे आपण पाचन केले!

या ग्रंथकारांना विकरांची कल्पना नव्हती, असायचे कारणही नाही. ‘आपल्या पूर्वजांना सारे रसायनशास्त्र माहीत होते’ असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. त्यांच्यापाशी होते ते वर्गीकरण, आणि ते हाताच्या अनुभवातून आलेले होते. पाने, फुले, फळे, साली, लाकडे, मुळे, डिंक आणि प्राणिज द्रव्ये अशी विभागणी ‘गंधसारा’त आहे. कोणत्या द्रव्याला कोणती क्रिया मानवते, हे अनुभवाने जाणून मग लिहिले गेले.

आणि त्यातली एक टीका मराठीत का लिहिली गेली असावी? संस्कृत श्लोक पाठ करणाऱ्या पंडिताला तिची गरज नव्हती. गरज होती ती प्रत्यक्ष द्रव्ये कुटणाऱ्या, गाळणाऱ्या, वासवणाऱ्या माणसाला. पाचशे वर्षांमागे कोणीतरी असे मानले की एका तंत्राची माहिती मराठीत नीट सांगता येते, आणि ती सांगितली पाहिजे. आज मराठीतून विज्ञान शिकवता येईल का, अशी शंका काढणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

वर्गात करून पाहण्यासारखे

जुन्या ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे, असे मानू नये. खोटे, असेही मानू नये. तपासून पाहावे. या बाबतीत तपासणी स्वस्त आहे. मोगऱ्याचा हंगाम साधारण मार्च ते जून. पाऊस सुरू झाला की दमटपणामुळे तिळाला बुरशी धरते, म्हणून कर्जत-खालापूरच्या बाजूला हा प्रयोग शाळा सुटण्यापूर्वी, एप्रिलमध्ये करणे उत्तम.

निवडलेले, कोरडे पांढरे तीळ तीन ताटल्यांत सारखे घ्यावेत, प्रत्येकी दोन मुठी. पहिल्या ताटलीत संध्याकाळच्या तीस ताज्या कळ्या पसराव्यात. दुसरीत तितक्याच कळ्या, पण मोदकपात्रात दोन मिनिटे वाफवून, गार करून, फडक्यावर कोरड्या केलेल्या. तिसरीत फुले नाहीत. प्रत्येक ताटली पालथ्या भांड्याने झाकून वेगवेगळ्या खोलीत ठेवावी, नाहीतर एकीचा वास दुसरीत जाईल. सकाळी फुले वेचून टाकावीत. संध्याकाळी पुन्हा नव्या कळ्या. असे पाच रात्री करावे.

सहाव्या दिवशी तिन्ही ताटल्यांतले तीळ वेगवेगळे कुटून, चिठ्ठीवर फक्त खुणेचे अक्षर लिहिलेल्या सारख्या वाट्यांत ठेवावेत. प्रत्येक वेळी खलबत्ता स्वच्छ धुऊन कोरडा करावा. दहा विद्यार्थ्यांना एकेक करून बोलवावे आणि एवढेच विचारावे, की मोगऱ्याचा वास कोणत्या वाटीला आहे? उत्तर कागदावर लिहून घ्यावे, मोठ्याने सांगू देऊ नये. दोन वाट्यांमध्ये मिनिटभर थांबावे, कारण नाक फार लवकर सरावते. नुसत्या अंदाजाने दहांपैकी तीन-चार जण पहिली वाटी सांगतीलच. त्याहून किती अधिक जणांनी सांगितली, यावर चर्चा करावी. जिवंत फूल आणि वाफवलेले फूल यांतला फरक मुलांच्या नाकाने ठरू द्यावा.

पुढची पायरी म्हणून मोगऱ्याऐवजी चाफा, गुलाब आणि बकुळ घेऊन पाहता येईल. बकुळीचे फूल वाळल्यावरही वास टिकवून असते, म्हणून तिचा निकाल वेगळा येतो का, हा चांगला प्रश्न आहे.

ज्यांना वासाचे तेलच हवे, त्यांनी घाण्याइतके तीळ जमवायची गरज नाही. रुंद तोंडाच्या बरणीत वाटीभर कच्च्या घाणीचे तिळाचे तेल घेऊन त्यात संध्याकाळी पूर्ण कोरड्या कळ्या सोडाव्यात, सकाळी गाळून घ्याव्यात, आणि हे आठ-दहा दिवस करावे. फुलांतून पाणी उतरते. ते तळाशी बसू द्यावे आणि वरचे तेल हलक्या हाताने काढून घ्यावे. पाणी राहिले तर तेल बिघडते. या तेलाचा वास बाजारच्या कुपीइतका तीव्र येणार नाही. बाजारच्या स्वस्त मोगऱ्यात बहुधा कारखान्यात तयार केलेले बेंझिल अॅसिटेट असते. तो रेणू फुलातल्या रेणूहून वेगळा नाही. पण फुलात त्याच्या जोडीला लिनॅलूल, इंडोल आणि आणखी पुष्कळ द्रव्ये असतात. पाताळगंगेच्या काठी रसायनी येथे १९६० च्या दशकात रासायनिक कारखाने उभे राहिले. कुंभिवलीच्या मुलांना फूल आणि कारखाना दोन्ही जवळचे आहेत. रेणू एकच असूनही वास हुबेहूब का येत नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवण्यासारखा आहे.

शेवटी एक काम सुचवावेसे वाटते. लुगड्यांच्या पेटीत केवड्याचे पान का ठेवत, बकुळीचे गजरे कसे जपत, माठात मोगऱ्याची फुले किती वेळ ठेवीत, हे सांगणाऱ्या आज्या अजून घरोघर आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांना विचारून वहीत नोंद करावी. फूल कोणते, किती, कोणत्या वेळी खुडलेले, किती तास ठेवलेले, आणि कधी फसले तेही. ‘गंधवादा’च्या मराठी टीकाकाराने जे केले ते याहून फार वेगळे नव्हते. त्याची पोथी कोणीतरी जपली आणि गोडे यांनी ती वाचली म्हणून आपल्याला कळली. आजीची कृती मात्र कोणत्याही पोथीत नाही. ती या उन्हाळ्यात कोणी लिहून घेतली, तरच उरेल.